लग्नाच्या व्हिडिओंसाठी ग्राफिक्स कार्ड: आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, आणि ते जिथून घेतलं ते टिळकवाडीचं दुकान

निकाल आधीच सांगते. तुम्ही लग्नाचे व्हिडिओ एडिट करत असाल, सोनीच्या नव्या कॅमेऱ्यांचं दहा बिटचं फुटेज तुमच्याकडे येत असेल आणि नवा डेस्कटॉप बांधायचा असेल, तर एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय घ्या आणि १६ जीबीचंच घ्या. तसलं फुटेज येत नसेल तर मात्र हे घेऊ नका. तुमचं काम निम्म्या पैशात होतं, आणि उरलेल्या पैशांत रॅम आणि एसएसडी वाढवलेली जास्त कामाला येते. असं का, ते आता सविस्तर लिहिते, कारण कार्ड शोधताना मला जे जे सल्ले मिळाले ते बहुतेक सगळे गेम खेळणाऱ्यांचे होते. कुठल्या गेममध्ये किती फ्रेम मिळतात हे त्यांना तोंडपाठ. अंतरपाट दूर होतानाचा शॉट टाइमलाइनवर अडखळतो, त्याचं काय करायचं, हे कुणी सांगेना.

मी बेळगावात शहापूरला राहते. शूटिंगला जात नाही, घरच्या माडीवर बसून एडिटिंग करते. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, निपाणी, संकेश्वर इकडच्या फोटोग्राफरांची कामं माझ्याकडे येतात. तुळशीचं लग्न झालं की हार्ड डिस्क यायला लागतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत थांबत नाहीत. काही लग्नं मराठी, काही कन्नड, काही घरांत नवरा एका भाषेचा आणि नवरी दुसऱ्या, त्यामुळे नावाच्या पाट्या दोन्ही लिप्यांत कराव्या लागतात. जुना कॉम्प्युटर जीटीएक्स १०६० वर चालत होता आणि फुल एचडीच्या काळात त्यानं माझं काम चोख केलं. फोटोग्राफरांनी एकेक करून कॅमेरे बदलले, आणि मग त्याचा दम निघाला.

खरी गोष्ट इथं आहे, म्हणून जरा थांबून सांगते. ग्राफिक्स कार्ड कुठलं घ्यायचं हे तुमचा कॅमेरा काय रेकॉर्ड करतो यावर ठरतं. कॅमेरा प्रत्येक पिक्सेलचा उजेड पूर्ण लिहून ठेवतो, पण रंग काटकसरीनं लिहितो. ४:२:० मध्ये चार पिक्सेलच्या चौकोनाला मिळून रंगाची एकच नोंद असते, ४:२:२ मध्ये दोन. आठ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, दहा बिटमध्ये १,०२४. आता आपल्याकडची हळद डोळ्यांसमोर आणा. मांडवाला जांभळे-निळे एलईडी लावलेले, नवरीची पिवळी साडी, गालावर ओली हळद, हातात हिरवा चुडा. आठ बिटच्या फुटेजमध्ये तो जांभळा रंग गालावरून काढायला गेलात की हळदीचा पिवळा फाटतो आणि गालावर पट्टे उमटतात. दहा बिट ४:२:२ असेल तर कातडीचा रंग परत आणता येतो, चुड्याचा हिरवा हिरवाच राहतो. त्यामुळे चांगले फोटोग्राफर आता ४:२:२ मध्येच शूट करतात, आणि मीच त्यांना तसं सांगत आले आहे.

पण हे फुटेज दाबून साठवलेलं असतं, आणि चालवताना ते उलगडायला जड. सोनीच्या ए७ मार्क ४ सारख्या कॅमेऱ्यात हे फुटेज मुख्यतः दोन तऱ्हांनी रेकॉर्ड होतं. एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४ आणि एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५; या दोन्ही व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती. आमच्या भागातले बहुतेक जण एक्सएव्हीसी एसवर ठेवतात, कारण दुसरं त्यांच्या लॅपटॉपवर चालत नाही. फोरके, २५ फ्रेम, दहा बिट ४:२:२ याला सेकंदाला १४० मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला ६३ जीबी. दोन कॅमेऱ्यांचं एक लग्न सहज अर्ध्या टीबीला जातं. आणि एच.२६४ मधलं हे दहा बिट ४:२:२ फुटेज एनव्हिडियाच्या ३०६०, ४०६० या कार्डांतलं डिकोडर, म्हणजे व्हिडिओ उलगडणारा भाग, उलगडूच शकत नाही. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या प्रोसेसरमधलं क्विक सिंक, म्हणजे प्रोसेसरच्या आतलं डिकोडर, एच.२६५ चं ४:२:२ उलगडतं, एच.२६४ चं नाही. सगळा भार प्रोसेसरवर येतो. मग टाइमलाइनवर बाण सरकवला की चित्र मागं राहतं, आवाज पुढं जातो, आणि तुम्ही रात्रभर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवत बसता. एप्रिल-मे २०२५ मध्ये आलेल्या ५०६० टीआय आणि ५०६० या कार्डांत, किंबहुना एनव्हिडियाच्या सगळ्याच ५० च्या मालिकेत, हे दोन्ही प्रकारचं ४:२:२ हार्डवेअरमध्ये उलगडतं. लग्नाच्या एडिटरच्या दृष्टीनं या मालिकेतली सगळ्यांत मोठी सुधारणा हीच, आणि दुकानात ती कुणी आपणहून सांगत नाही.

हे सगळं वाचून माझ्या डोक्यात होतं, पण वाचलेल्यावर इतके पैसे घालायचे नव्हते. डोळ्यांनी बघायचं होतं. कोल्हापूरला जावं, बंगळूरच्या एसपी रोडवरून कुणाकडून मागवावं, की सरळ ऑनलाइन घ्यावं, असे तीन पर्याय घरात चर्चेला होते. जीएसटी महाराष्ट्रात काय, कर्नाटकात काय, कार्डाला १८ टक्केच, तेव्हा सीमा ओलांडून कराचा काही फायदा नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा कार्डं स्वस्त होणार अशी आवई उठली होती. ३२ इंचांपेक्षा मोठे मॉनिटर २८ वरून १८ टक्क्यांवर आले हे खरं, ग्राफिक्स कार्डं आधीही १८ मध्ये होती आणि नंतरही तिथंच राहिली.

बेळगावातल्या दोन-चार दुकानांत मी माझी एसएसडी घेऊन गेले. एका ठिकाणी मालकांनी ती हातातही घेतली नाही. “सगळं चालतंय ओ, काळजी नको,” एवढंच उत्तर. त्यांनी कागदावर लिहून दिलेल्या डेस्कटॉपमध्ये शेवटी ‘एफ’ असलेला इंटेलचा प्रोसेसर होता. एफ म्हणजे प्रोसेसरच्या आत चित्र काढणारा भाग नाही, म्हणजे क्विक सिंकही नाही. गेम खेळणाऱ्याला त्यानं फरक पडत नाही, हजार-दीड हजार वाचतात. एडिटिंग करणाऱ्याचा मात्र हातचा एक डिकोडर जातो. मी विचारलं तर म्हणाले, कार्ड आहे की, मग ते कशाला पाहिजे. तिथून मी बाहेर पडले.

टिळकवाडीतल्या ज्या दुकानातून शेवटी घेतलं ते पहिल्या मजल्यावर आहे, अरुंद जिन्यानं वर जावं लागतं. मालक पन्नाशीचे, मी त्यांना मामा म्हणते. कामाला गोकाककडचा एक पोरगा आहे, कन्नड बोलतो, मराठी समजतं. काउंटरच्या मागं एका टेबलावर त्यांनी उघडं मशिन मांडून ठेवलंय, कॅबिनेटशिवाय, लाकडी फळीवर मदरबोर्ड. कार्ड काढायचं, दुसरं लावायचं, दोन मिनिटांचं काम. मामांनी आधी गेमचेच आकडे दाखवायला घेतले.

मी म्हटलं, “मामा, गेम नको. हे फुटेज चालवून दाखवा.”

“चालवू या की. कशात एडिट करता?”

“प्रीमिअर प्रो. रंगाला रिझॉल्व्ह. डोंगल आणलंय मी.”

डोंगल म्हणजे रिझॉल्व्हच्या विकत घेतलेल्या आवृत्तीची यूएसबी किल्ली. ती बघून त्यांचा चेहरा बदलला. खुर्ची सरकवून मला बसायला दिली आणि पोराला म्हणाले, आधी ३०६० लाव.

मी चंदगडच्या एका लग्नाची क्लिप नेली होती. अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, मागं वाजंत्री एकदम सुरू होते, दोन कॅमेऱ्यांतून घेतलेलं, दोन्ही एक्सएव्हीसी एस. अक्षता पडतात तो शॉट सगळ्यांत कठीण, कारण पडद्यावर हजार ठिकाणी काहीतरी हलत असतं. मामांनी बाजूला टास्क मॅनेजर उघडून ठेवला. त्यात ग्राफिक्स कार्डाच्या पानावर ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा एक छोटा आलेख असतो. ३०६० लावलं होतं तेव्हा तो आलेख जमिनीला टेकलेला, शून्यावर, आणि प्रोसेसरचा आलेख छताला. अक्षता पडायला लागल्या की चित्र थांबायचं, मग एकदम पुढं उडी. ४०६० लावलं, तोच प्रकार. चार वर्षं जुनं आणि दोन वर्षं जुनं कार्ड, या कामात दोन्ही सारखीच हतबल.

मग पोरानं ५०६० टीआय बसवलं, ड्रायव्हर टाकला, तोही गेमवाला न टाकता स्टुडिओ ड्रायव्हर, कारण मामांनी मागून तसं सांगितलं. प्रीमिअर चालू केलं. बाण तिथंच आणून स्पेसबार दाबला. डिकोडचा आलेख वर चढला, प्रोसेसरचा खाली उतरला, आणि अक्षतांचा एकेक दाणा पडताना दिसला. पोरगा माझ्याकडं वळून म्हणाला, “नोड्री अक्का!” बघा अक्का. त्याला माझ्याइतकाच आनंद झाला होता. मी बाण मागं-पुढं ओढून बघितला, उलटं चालवून बघितलं, दोन्ही कॅमेरे एकावर एक लावून बघितले. प्रॉक्सीशिवाय.

पण इथं एक प्रामाणिक प्रश्न उरतो, आणि तो मामांनीच विचारला. ५०६० मध्येही हेच डिकोडर आहे. ते ८ जीबीचं, १५ हजारांनी स्वस्त. मग ते का नको?

उत्तर मेमरीत आहे. बेळगावच्या शिवजयंतीचे चित्ररथ मी दरवर्षी एका मंडळासाठी एडिट करते. मिरवणूक रात्रभर चालते, फुटेज सगळं अंधारातलं, मशालीच्या आणि हॅलोजनच्या उजेडातलं. त्यात दाणे खूप असतात, आणि ते काढायला रिझॉल्व्हमध्ये नॉइज रिडक्शन लावावं लागतं. हे काम आधीच्या आणि नंतरच्या फ्रेम मिळून करायचं असल्यानं कार्डाची मेमरी झपाट्यानं भरते. ती क्लिपही मी नेली होती. ८ जीबीच्या कार्डावर फोरके टाइमलाइन, नॉइज रिडक्शन, वर दोन-तीन कलर नोड, आणि जीपीयूची मेमरी भरली असा संदेश आला. रेंडर तिथंच थांबलं. १६ जीबीवर तीच क्लिप सावकाश का होईना पण शेवटपर्यंत गेली, मेमरी दहा-अकरा जीबीच्या आसपास खेळत होती. कार्ड हळू असेल तर तुम्ही वाट बघू शकता. मेमरी संपली तर वाट बघूनही उपयोग नसतो, काम होतच नाही. त्यामुळे १५ हजारांचा फरक मला पटला.

इथं एक धोक्याची सूचना. ५०६० टीआय ८ जीबीचंही मिळतं. नाव तेच, खोका जवळजवळ तसाच, पंखे तेच. कोपऱ्यात लहान अक्षरांत मेमरी लिहिलेली असते. कुणी हे कार्ड स्वस्तात देतो म्हणाला तर आधी तो कोपरा बघा.

बाकीची कार्डं का सोडली ते थोडक्यात. एएमडीचं रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीचं, मेमरीच्या हिशेबानं उत्तम सौदा आहे आणि गेम खेळणाऱ्या भाच्याला मी तेच सुचवलं. पण ते ४:२:२ उलगडत नाही, म्हणून माझ्या कामाचं नाही. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये आलं, १२ जीबी, किंमत कमी, आणि एच.२६५ चं ४:२:२ उलगडतं. तुमचे सगळे फोटोग्राफर एक्सएव्हीसी एचएसमध्ये शूट करत असतील तर त्याचा जरूर विचार करा. मात्र मदरबोर्डात रिसाइझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू हवी, नाहीतर ते कार्ड बरंच मंदावतं, आणि कूडा या फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर असलेल्या प्रणालीवरच चालणारे काही प्लगइन त्यावर चालत नाहीत. ५०७० वेगानं खूप पुढं आहे, पण मेमरी १२ जीबी आणि वीज २५० वॅट. जास्त पैसे देऊन कमी मेमरी घेणं माझ्या मनाला पटलं नाही.

आणि जुनं ३०६०, १२ जीबीचं. हे सगळीकडे सेकंड हँड मिळतं आणि दर मोहात पाडणारा असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं तेव्हा मायनिंगला जुंपलेली कार्डं ढिगानं बाजारात आली, त्यातली अजून हातोहात फिरतायत. दिवस-रात्र चाललेल्या कार्डाचे पंखे आणि मेमरीवरचे पॅड आधी जातात. घ्यायचंच असेल तर जीपीयू-झेड नावाचा फुकट प्रोग्रॅम चालवून कार्ड खरंच तेच आहे का बघा, कारण जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून विकायचे प्रकार होतात. मग अर्धा तास रेंडर लावून पंख्याचा आवाज ऐका. पण वर सांगितलंय तेच, ४:२:२ त्यावर चालणार नाही.

आता कार्डाभोवतीच्या गोष्टी, ज्यांच्यावर आपल्या भागात जास्त लक्ष द्यायला हवं. ५०६० टीआयला १८० वॅट लागतात आणि एनव्हिडिया ६०० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. मी ६५० वॅटचा, ब्रॉन्झ प्रमाणपत्र असलेला घेतला. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा पॉवर सप्लाय कृपा करून वापरू नका. पन्नास हजारांचं कार्ड हजाराच्या डब्याच्या भरवशावर ठेवायचं नसतं. आणि यूपीएस. पहिला वळीव पडला की हेस्कॉमची लाइट जाते-येते, खानापूरच्या बाजूला तर विचारू नका. बऱ्याच घरांत ६०० व्हीएचा यूपीएस असतो, तो ३६० वॅटच्या आसपास देतो. रेंडर चालू असताना कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून तेवढं सहज ओढतात, म्हणजे लाइट गेल्याबरोबर यूपीएस ‘टीं’ करून बंद आणि रेंडर गेलं. मी ११०० व्हीएचा घेतला. फाइल सेव्ह करून मशिन नीट बंद करण्याइतका वेळ आरामात मिळतो, तेवढं पुरे.

कॅबिनेट निवडताना मामांनी चांगला सल्ला दिला. समोर काच असलेली, दिवे लुकलुकणारी कॅबिनेटं दिसायला छान, पण हवा आत जात नाही. जाळीची कॅबिनेट घ्या, समोर काढता येणारा फिल्टर असलेली. आमच्याकडची तांबडी धूळ फार बारीक असते, उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या खोलीत आठवड्यात फिल्टरवर तिचा थर बसतो. मी महिन्यातून एकदा फिल्टर धुते आणि ब्लोअरनं कार्ड साफ करते, पंखा बोटानं धरून, म्हणजे तो उलटा भन्नाट फिरत नाही.

रॅम ३२ जीबी घेतली आणि ती त्या वेळी घेतली हे बरं झालं. २०२५ च्या दिवाळीनंतर एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर रॅमचे भाव असे चढले की आता कुणी विचारलं तर मी सांगते, आधी रॅमचा आजचा दर काढा, मग कार्डाचं बजेट ठरवा.

चार महिन्यांच्या वापरात कार्डाबद्दल काय वाटलं? एडिटिंग करताना प्रॉक्सी बनवणं बंद झालं, हा सगळ्यांत मोठा फायदा. पूर्वी हार्ड डिस्क आली की पहिली रात्र त्यातच जायची. आता डिस्क सकाळी आली तर दुपारी कापाकापीला बसते. एक्स्पोर्ट एच.२६५ मध्ये काढते, ते कार्डाच्या एन्कोडरवर होतं आणि त्या वेळी प्रोसेसर मोकळा असल्यानं मी शेजारी अल्बमची पानं लावू शकते. पंखे साध्या कामाला बंदच असतात. माडीवर रात्री काम करताना ती शांतता फार मोलाची वाटते, कारण नवरीच्या आईचा हुंदका आणि भटजींचा आवाज यांतलं कमी-जास्त मला कानानं जोखावं लागतं. तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय आहे. एचडीएमआयला मी टीव्ही जोडलाय, गिऱ्हाईक आलं की त्यांना सोफ्यावर बसून बघता येतं. खानापूरचा एक फोटोग्राफर परवा म्हणाला, “ताई, आता लवकर देऊलालीस बघ तू.” ते ऐकून बरं वाटलं.

उणिवाही आहेत. डिकोडर एकच आहे. मोठ्या लग्नात चार कॅमेरे असतात, ते चारही ४:२:२ मध्ये मल्टिकॅमला लावले की पूर्ण रिझोल्यूशनवर अडखळतं. प्लेबॅक अर्ध्यावर आणलं की चालतं, म्हणून मी तक्रार करत नाही, पण ज्यांचं रोजचं काम चार कॅमेऱ्यांचं आहे त्यांनी माझ्यासारखंच आधी स्वतःचं फुटेज लावून बघावं. नॉइज रिडक्शनला वेळ लागतो, ते काम या किमतीच्या कार्डाला जडच आहे. कार्डाची मेमरी बस, म्हणजे मेमरीकडे जाणारा रस्ता, १२८ बिटची आहे, जीडीडीआर७ या नव्या मेमरीमुळे वेग भरून निघतो, तरी मेमरी १६ जीबी आणि रस्ता अरुंद असं वाटत राहतं. आणि एडिटिंग सॉफ्टवेअर नवीन हवं. एका मैत्रिणीनं हेच कार्ड घेतलं आणि प्रीमिअरची जुनी आवृत्ती तशीच ठेवली, तिला काहीच फरक दिसेना. प्रीमिअरमध्ये या ४:२:२ चा आधार २०२५ मध्येच आला. अपडेट केल्यावर तिचंही सुरळीत झालं.

किमतीचं सांगते. मला कार्ड ४७ हजारांच्या आसपास पडलं. ऑनलाइन त्या आठवड्यात दीड हजारांनी स्वस्त होतं. ते दीड हजार मी आनंदानं दिले, कारण माझ्या फुटेजवर चार कार्डं लावून दाखवायचा वेळ त्या दुकानानं दिला, जोडणी केली, बायोस अपडेट केला आणि घरी पोराला पाठवून मॉनिटरची केबल कार्डाला लावली. ही केबल मदरबोर्डाला लावून ठेवलेली मी ओळखीच्या दोन स्टुडिओंत बघितली आहे; कार्ड आत आहे पण पडदा प्रोसेसरवर चालतोय, आणि मालक म्हणतायत कार्ड काही कामाचं नाही.

दुकानाच्याही दोन गोष्टी खटकल्या. दर कुठंच लिहिलेले नाहीत, प्रत्येक वस्तूचा विचारावा लागतो, आणि ज्याला विचारायचा संकोच वाटतो तो जास्त पैसे देऊन जाईल. मामा तसे वागत नाहीत, पण पाटी असावी. दुसरं म्हणजे रविवारी बंद. निपाणी-चिकोडीच्या नोकरदार माणसाला रविवारशिवाय सवड कुठली? जिना चढणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी पोरगा सामान खाली गाडीपर्यंत आणून देतो, हे मात्र मी स्वतः बघितलं.

तुमच्याकडे मोबाइलवरचं किंवा जुन्या कॅमेऱ्यांचं आठ बिट ४:२:० फुटेज येत असेल, बारशी, साखरपुडे, शाळांची गॅदरिंग अशी कामं असतील, तर एफ नसलेला इंटेलचा आय५ घ्या आणि सुरुवातीला कार्डच घेऊ नका. एडिअस हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तर क्विक सिंकवरच बरंच काम निभावता येतं. पुढं गरज पडली तर ५०६० घ्या. मदरबोर्डात जागा असतेच, पॉवर सप्लाय तेवढा आधीच ६५० वॅटचा घालून ठेवा.

आणि कार्ड कुठूनही घ्या, खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपीचं लेबल आहे का ते बघा. ते नसेल तर कार्ड आडमार्गानं आलेलं असतं आणि वॉरंटीला इथं वाली नसतो. बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या, कार्डावरच्या स्टिकरशी काउंटरवरच जुळवून बघा, आणि दोन्हीचा फोटो काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात कोरं होतं आणि वॉरंटी साधारण तीन वर्षांची असते.